कैद्याला शिक्षण, निराधाराला भत्ता: खात्यापित्या घरातल्यांना राग नेमका कशाचा?

सांजवात:
परवा एक नातेवाईक तावातावाने बोलत होते. दोन घरं, म्हातारपणाची काळजी नाही. विषय काय, तर कैद्याचा दात. "आपण डॉक्टरला खिशातून पैसे मोजायचे आणि त्याचं रूट कॅनाल फुकट!" त्याच दमात ते भत्त्यावर जगणाऱ्या बायकांवर घसरले. गुन्हेगार आणि गरीब, दोघांवरचा राग एकाच तोंडून, त्याच शब्दांत कसा येतो?

इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठीचा कायदा बदलला, तेव्हा तत्त्वच ठरलं की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत खालच्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. वर्कहाउसमध्ये, म्हणजे काम करून घेऊन गरिबांना आसरा देणाऱ्या सरकारी घरांत, नवरा, बायको, मुलं वेगवेगळी ठेवायचे. अँडोव्हरच्या वर्कहाउसात खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांतला मगज खात होती, हे 1845 मध्ये उघड झालं. तुरुंगांनाही हीच फूटपट्टी लागली. आपल्या खाली कुणीतरी असायलाच हवं, ही भावना अजून गेलेली नाही असं मला वाटतं.

कातळ:
तुमचं म्हणणं एकांगी आहे. माझ्या धाकट्या भावावर हल्ला झाला. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना आधी तो हात बाहीत सारावा लागतो. त्याच्या उपचारांचा सगळा खर्च आम्ही केला. मारणारा आत बसून सरकारी खर्चाने शिकतोय. मला चीड येते, आणि ती कुणाला खाली दाबण्यासाठी येत नाही.

गणिती:
कातळ, तुमची चीड रास्तच आहे. पण भावाच्या उपचारांचा पैसा कैद्याच्या पुस्तकांनी खाल्लेला नाही. अमेरिकेने 1994 मध्ये कैद्यांची पेल शिष्यवृत्ती, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत, बंद केली. त्या योजनेच्या खर्चातला कैद्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. बंदी उठवून ती पुन्हा सुरू व्हायला 2023 उजाडलं. मधल्या काळात, रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2013 च्या अभ्यासात, तुरुंगात शिकलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता 43 टक्क्यांनी कमी आढळली.

कातळ:
जे शिकायला पुढे येतात ते मुळात सुधारू पाहणारेच असतात. तो आकडा सगळा शिक्षणाच्या खात्यावर कसा मांडता?

गणिती:
मुद्दा बरोबर आहे, सगळा नाही मांडता येणार. पण 2008 मध्ये बँका वाचवायला अमेरिकेने 70 हजार कोटी डॉलरची तरतूद केली, तेव्हा "फुकटे" हा शब्द किती श्रीमंतांच्या तोंडून ऐकलात?

उंबरठा:
बँकांनी ते पैसे बहुतांशी व्याजासकट फेडले. भत्ता कोण फेडतं? कर भरणाऱ्याने हिशेब विचारला की लगेच त्याला निर्दयी ठरवू नका.

पायवाट:
भत्ता माझी आई घेते. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. कागद घडीवर फाटलेत, ती ते उलट्या बाजूने चिकटपट्टी लावून जपते. खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "मुलगा सांभाळत नाही का?" माझा पगार भाड्यात आणि तिच्या औषधांत संपतो. उंबरठा, हिशेब जरूर मागा, सगळे कागद आहेत तिच्याकडे. पण तो प्रश्न आला की ती मान खाली घालते, तेवढं सोडा.

कातळ:
पायवाट, तुमच्या आईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या आणि माझ्या भावाला मारणारा एका वाक्यात यायलाच नकोत. सांजवात, तुमच्या नातेवाइकांना माझ्या वतीने एवढं सांगा.