पहिली नेमणूक येते कुठून? (इंटरनॅशनल आर्बिट्रेशन, आणि त्यातून बाई)

रेडफर्नग्रस्त

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी नऊ वर्षं इंटरनॅशनल आर्बिट्रेशनच करतेय (देशोदेशीच्या पक्षकारांचे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादापुढे, म्हणजे ट्रायब्युनलपुढे), काउन्सेलच्या, म्हणजे पक्षकाराच्या वकिलाच्या बाजूने. बहुतेक कन्स्ट्रक्शन आणि एनर्जीचे वाद, म्हणजे प्लांट दीड वर्ष उशिरा उभा राहिला, मग तो उशीर कोणाच्या खात्यात टाकायचा, असली प्रकरणं. मेमोरियल (पक्षकाराची लेखी बाजू) लिहिलेत, रेडफर्न शेड्यूलमध्ये रात्रीच्या रात्री घातल्यात (माहीत नसेल त्यांच्यासाठी: समोरच्याकडून कुठली कागदपत्रं हवीत, का हवीत, ते का देत नाहीत आणि ट्रायब्युनल त्यावर काय म्हणतं याचा भलामोठा तक्ता, सुखी माणसाने वाटेला जाऊ नये), गेली तीन वर्षं एक्स्पर्टची उलटतपासणीही माझ्याकडेच असते. आता मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय. आर्बिट्रेटर म्हणून, म्हणजे निवाडा देणाऱ्यांत. प्रकरण लहानसं का असेना.

पण जिथे विषय काढावा तिथे पहिला प्रश्न, आधी किती प्रकरणांत बसलात? शून्य म्हटलं की पुढचं बोलणं हवापाण्याचं. पोहता आलं तरच पाण्यात उतरा म्हणतात तसं चाललंय.

वर आमचे एक सिनियर परवा म्हणाले, "तुला कसली काळजी, हल्ली सगळ्यांना बायकाच हव्यात, बस शांत, येईल फोन." माणूस वाईट नाही, चांगल्या मनानेच बोलले असतील, पण दोन दिवस टोचत राहिलं. म्हणजे उद्या खरंच फोन आला तरी तो माझ्या नऊ वर्षांना आलेला नसेल की काय?

तर ज्या बसल्यात त्यांनी सांगा, पहिली नेमणूक नक्की आली कुठून? आर्बिट्रेशन चालवणाऱ्या एका संस्थेच्या सेक्रेटरिएटमध्ये (कार्यालयात) नोकरीची संधी आहे, पगार बराच कमी, घ्यावी का? आणि ट्रायब्युनल सेक्रेटरीची (आर्बिट्रेटरांच्या मदतनिसाची) कामं धरावीत का, काहीजण म्हणतात वर जायचा तोच जिना आहे.

फाइलवाली

फोन येत नाही. हे आधी सांगून टाकते म्हणजे तुम्ही शांत बसणार नाही.

मी पाच वर्षं सेक्रेटरिएटमध्ये होते, केसेसच्या फाइली हलवायचं काम, आता स्वतः बसते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं पाहिलंय. तुमच्या सिनियरांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि कुठलं निम्मं ते आकड्यांत दिसतं. वेगवेगळ्या संस्थांचे आकडे एकत्र करून एक रिपोर्ट २०२० मध्ये आला होता, त्यात २०१५ ला एकूण नेमणुकांत बायका १२ टक्क्यांच्या आसपास होत्या आणि २०१९ ला २१.३. नंतरच्या अपडेटमध्ये २०२१ चा आकडा २६.१ आहे. वाढ आहे, नाही कोण म्हणतं. पण त्याच २०१९ च्या आकड्यांत खाली बघा की नेमलं कोणी: संस्थेने नेमलेल्यांत बायका ३४ टक्के, दोन को-आर्बिट्रेटरांनी (दोन्ही बाजूंचा एकेक) मिळून निवडलेल्यांत २१.५, आणि पक्षकारांनी नेमलेल्यांत १३.९. म्हणजे "सगळ्यांना" नाही हो, संस्थांना. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना अजून तेच पांढरे केस हवेत.

संस्थांचं कारणही सरळ आहे. त्यांना निकाल कोणाच्या बाजूने लागतो याच्याशी देणंघेणं नाही, आणि २०१६ च्या ईआरए प्लेजवर (आर्बिट्रेटर म्हणून बायकांना समान संधी देऊ अशी शपथ) बऱ्याच संस्थांनी सह्या केल्यात. वरच्या खुर्च्याही बदलल्या. वर्ल्ड बँकेच्या इक्सिडला (परकी गुंतवणूकदार विरुद्ध सरकार असे वाद चालतात ती संस्था) २००९ पासून मेग किनियर सेक्रेटरी जनरल होत्या, आयसीसीच्या कोर्टावर (क्रिकेटवाली नव्हे, पॅरिसची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) २०१८ मध्ये स्त्री-पुरुष सदस्य समसमान झाले आणि २०२१ मध्ये क्लॉडिया सॅलोमन पहिल्या महिला प्रेसिडेंट. ते कोर्ट १९२३ पासूनचं आहे, म्हणजे किती उशिरा ते बघा.

तर तुम्ही जायचं तिथे जिथे पक्षकार निवडत नाही. आयसीसीची एक्स्पिडाइटेड प्रोसीजर (झटपट प्रक्रिया) २०१७ ला सुरू झाली, आधी २० लाख डॉलरपर्यंतचे वाद, २०२१ पासूनच्या करारांना ३० लाखांपर्यंत, साधारणपणे एकच आर्बिट्रेटर, आणि पहिल्या केस मॅनेजमेंट कॉन्फरन्सपासून सहा महिन्यांत निवाडा. फी वादाच्या रकमेवर ठरते, त्यामुळे मोठी नावं असल्या कामाला फारशी उत्सुक नसतात, आणि नवीन माणसाला दार उघडतं ते इथेच. माझंही इथेच उघडलं, एका पंपांच्या पुरवठ्याचा वाद, दोन दिवसांचं हिअरिंग, फी एवढीशी. पण निवाडा वेळेत दिला.

आणखी एक, तुमचं राष्ट्रीयत्व. एकटा आर्बिट्रेटर किंवा अध्यक्ष शक्यतो दोन्ही पक्षकारांच्या देशांबाहेरचा लागतो, त्यामुळे केस आली की आम्ही आधी कोण कोण बाद ते खोडत बसायचो. मग कायदा, मग भाषा, मग हातातली कामं. शेवटी तीनचार नावं उरायची आणि त्यात जी उत्तर पटकन देते, डिस्क्लोजर (पक्षकारांशी काही संबंध असेल तर तो सांगणं) नीट भरते, ती लक्षात राहायची. एवढं साधं आहे ते. म्हणून नोकरी घ्या म्हणेन, निदान दोन वर्षं, आतून कळतं की नावं सुचतात कशी. पगाराचं तुमचं तुम्ही बघा.

सेक्रेटरीच्या कामाबद्दल मात्र सावध. ट्रायब्युनलची आतली चर्चा कानावर पडते, ऑर्डरचे मसुदे हाताखालून जातात, शिकायला सोनं आहे. पण मत तुमचं नाही, निवाड्याखाली सही तुमची नाही. आणि मी पाहिलंय, मुलगा सेक्रेटरी असला की लोक "हा पुढे जाणार" म्हणतात, मुलगी असली की "ही फार व्यवस्थित आहे" म्हणतात आणि पुढच्या केसला परत सेक्रेटरीच ठेवतात. तीनचार करा आणि थांबा.

खडूस काका

मी नेमणारा आहे, शिव्या घालायच्या तर मला घाला. क्लायंटचे २० कोटी डॉलर टांगलेले असताना मी प्लेजबिज बघत नाही, हा माणूस अशा क्लॉजकडे आधी कसा बघत आलाय ते बघतो. बाई की पुरुष हा प्रश्न माझ्या डोक्यात येतच नाही. टक्केवारी वाढवण्यासाठी संस्था नावं घालत असतील तर घालू देत, तो कोटाच झाला. बाकी चालू द्या.

अर्धविराम

काका, प्रश्न डोक्यात येत नाही हेच तर दुखणं आहे :) पण कोट्यावरून आठवलं म्हणून एक गोष्ट, तुम्हाला रकमा आवडतात म्हणून रकमेचीच.

ऑक्सिडेंटल विरुद्ध इक्वाडोर. तेल कंपनीने आपल्या ब्लॉकमधला ४० टक्के हिस्सा सरकारची परवानगी न घेता दुसऱ्या कंपनीकडे वळवला, २००६ मध्ये सरकारने करारच रद्द केला, कंपनी इक्सिडकडे गेली. २०१२ ला निवाडा, सुमारे १७७ कोटी डॉलर. ट्रायब्युनलवर दोन पुरुष आणि ब्रिजिट स्टर्न, आणि त्या दोघांनी हिशेब धरला तो पूर्ण १०० टक्के मालकीचा. स्टर्नबाईंनी वेगळं मत लिहिलं, चांगलं खणखणीत, की बाबांनो ४० टक्के दुसऱ्याच्या खिशात गेलेत, जे तुमचं नाही त्याची भरपाई तुम्हाला कशी? दोन विरुद्ध एक, विषय संपला असं वाटलं. २०१५ मध्ये अनलमेंट कमिटीने (निवाडा रद्द करायची मागणी ऐकणारी इक्सिडची समिती) नेमका तोच भाग उडवला आणि रक्कम आली १०६ कोटींच्या आसपास. सत्तर कोटी डॉलरचा फरक, तिघांतल्या एकीला आधी दिसलेला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. त्यांना नेमलं होतं इक्वाडोरनेच, आणि बहुतेक वेळा त्यांना सरकारंच नेमत आलीत, त्यामुळे "त्या सरकारधार्जिण्या" हे बोलणंही ऐकायला मिळतं. असेल. पण मग ती पक्षकाराने पूर्ण हिशेब करून केलेली नेमणूक झाली ना, कोटा कुठे आला त्यात?

आणि फाइलवालींच्या टक्क्यांबद्दल थोडं. नेमणुका मोजतात, माणसं नाही. २०१४ चा एक अभ्यास आहे इक्सिडच्या नेमणुकांवर, त्यात ९३ टक्के नेमणुका पुरुषांच्या, आणि बायकांच्या वाट्याला जेवढ्या आल्या त्यातल्या ७५ टक्के दोघींच्याच, स्टर्न आणि गॅब्रिएल कॉफमन-कोलर. दोघीच! म्हणजे ७ टक्के ऐकून आपल्याला वाटतं बऱ्याच जणी असतील, आणि प्रत्यक्षात त्याच दोघी एका विमानातून दुसऱ्या विमानात. तो आकडा जुना आहे, आता चित्र बदललंय, पण टक्के ऐकले की मी अजून विचारतो, टक्के किती जणींचे?

तिसरी खुर्ची

रेडफर्नग्रस्त ताई (धाकट्या असाल तरी ताईच म्हणते), नेमणूक मिळाल्यानंतरचंही थोडं ऐकून ठेवा.

मी अध्यक्ष होते त्या पहिल्याच केसमधली गोष्ट. दोन्ही बाजूचे को-आर्बिट्रेटर माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. मी काउन्सेलला प्रश्न विचारायचा आणि त्यांनी मान वळवून उत्तर द्यायचं माझ्या उजवीकडच्यांना. मुद्दाम नाही, त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. पहिला दिवस तसाच गेला, मी घसा खाकरून बघितला, प्रश्न परत विचारून बघितला, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या उजवीकडच्या आजोबांनी काय करावं, मी प्रश्न विचारला रे विचारला की चष्मा काढायचा आणि मान खाली घालून कागदात बघत बसायचं. काउन्सेलला बघायला तोंडच उरलं नाही, दुपारपर्यंत गाडी रुळावर. त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही, मीही नाही. अजून दिवाळीला नाही पण नवीन वर्षाला मेल करते त्यांना.

आणि तारखा. तीन आर्बिट्रेटर आणि दोन लीगल टीमची डायरी जुळवायची म्हणून हिअरिंगचे दोन आठवडे वर्ष दीड वर्ष आधी बांधले जातात. माझ्या मधल्या ब्रेकमध्ये सगळ्यात जास्त हे नडलं, कारण ब्रेक संपेल कधी ते सांगता येतं पण "पुढच्या सप्टेंबरात मोकळ्या आहात का" याला बाळ तीन महिन्यांचं असताना काय उत्तर देणार. २०२० नंतर प्रोसिजरल हिअरिंग बहुतेक स्क्रीनवर होतात त्याने फार सोपं झालं, फक्त तीन टाइम झोन असले की कोणीतरी पहाटे चारला उठतंच आणि ती बहुधा आपणच असतो.

खडूस काका

अर्धविराम, ती ऑक्सिडेंटलची केस माहीत होती, मत कोणाचं होतं ते विसरलो होतो. ठीक.

काल रात्री उगाच माझ्या जुन्या शॉर्टलिस्ट काढून बघितल्या. पाच केसेस. यादीत बायका होत्या, चार नावं. नेमली एकही नाही. क्लायंटने नाही खोडल्या, मीच खोडल्या, आणि शेरा प्रत्येकीपुढे एकच, "माहिती अपुरी". आता कमर्शियल आर्बिट्रेशनचे निवाडे गोपनीय, वाचायला मिळत नाहीत, मग आम्ही काय करतो तर एकमेकांना फोन, "हा कसा आहे रे?" आणि फोन केला जातो तो आमच्याच वयाच्या, आमच्याच सारख्यांना. त्यांना जे माहीत तेच मला कळतं. कोटा वगैरे शब्द मागे घेत नाही, पण "माहिती अपुरी" ला मी फोन एकीबद्दलही केला नव्हता हे खरं.

त्यामुळे ताई, तुम्हाला व्यावहारिक सांगतो, लिहा. मोठमोठे लेख नकोत, एक मुद्दा घेऊन चार पानं, उदाहरणार्थ कॉनकरंट डिलेवर (एकाच वेळी दोन्ही बाजूंमुळे झालेला उशीर) तुमचं काय मत. नाव गूगल केल्यावर माझ्यासारख्याला काहीतरी वाचायला मिळालं पाहिजे.

फाइलवाली

काका, प्लेजबिज म्हणालात त्या ईआरए प्लेजवाल्यांकडे केसचं स्वरूप कळवलं की बायकांची नावं सुचवून मिळतात, तीही फुकट. पुढच्या वेळी "माहिती अपुरी" लिहायच्या आधी वापरून बघा.

आणि रेडफर्नग्रस्त, आर्बिट्रलविमेन बघा. १९९३ मध्ये लुईझ बॅरिंग्टन यांनी ओळखीपाळखीतून सुरू केलं, २००५ मध्ये मिरेझ फिलीप यांच्यासोबत रीतसर संस्था केली, मेंटॉरशिप चांगली आहे. शिवाय ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात व्हिएन्नाला व्हिस मूट असतं, विद्यार्थ्यांची स्पर्धा, पण तिथे आर्बिट्रेटर म्हणून बसायला प्रॅक्टिस करणारे लोक लागतात. शेजारच्या खुर्चीवर कोण असेल सांगता येत नाही, आणि तुम्ही प्रश्न कसे विचारता ते तो माणूस दोन तास जवळून बघतो.

रेडफर्नग्रस्त

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, काका तुमचेही, कॉनकरंट डिलेवर तर मी चाळीस पानं लिहीन, चारच कशी करू ते सांगा.

नोकरीला आज होकार कळवतेय, दोन वर्षं. सीव्ही सहा पानांचा आहे तो दोनवर आणतेय. एकच शंका उरली, आर्बिट्रेटर म्हणून नेमणुका या रकान्यात शून्य लिहायचं की रकानाच काढून टाकायचा?

फाइलवाली

रकाना काढा. त्याजागी काउन्सेल म्हणून किती हिअरिंग केलीत, कुठल्या संस्थेचे नियम, कुठला कायदा, सीट (आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण) कुठलं, भाषा कुठली, उलटतपासणी स्वतः किती वेळा केलीत. पक्षकारांची नावं अर्थातच नाहीत. आणि मूटमधलं बसणं वेगळ्या ओळीत टाका, नेमणुकांत घुसडू नका, लोक घुसडतात आणि आमच्याकडे ते पहिल्या दहा सेकंदात कळायचं.