मदत हवी आहे : लंपीच्या रोगसर्वेक्षणाचे मूल्यमापन करताना संदर्भचौकट कुठे आखावी?

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करते. पदव्युत्तर अभ्यासासाठी जिल्ह्यातील गुरांच्या लंपी त्वचारोगाच्या सर्वेक्षण यंत्रणेचे मूल्यमापन हाती घेतले आहे. माहिती गोळा करण्यापूर्वी मूल्यमापनाचा संदर्भ लिहून काढावा लागतो : रोग कोणता, जनावरे कोणती, क्षेत्र किती, कायद्याने कोणावर काय बंधनकारक आहे, यंत्रणेत कोणकोण आहे आणि हे सर्वेक्षण मुळात कशासाठी चालते. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत लिहून झाल्या. शेवटच्या गोष्टीपाशी पंधरा दिवस अडले आहे.

२०२२ च्या साथीत हेतू उघड होता : नव्या गावात शिरलेला रोग पहिल्या एक-दोन जनावरांतच पकडायचा. आता शेळ्यांच्या देवीची लस गोवंशाला टोचली जाते, रोग अधूनमधून डोके वर काढतो, आणि नोंदी मात्र जुन्याच पद्धतीने चालू आहेत. एका दवाखान्याच्या रजिस्टरात मी एका बैलाची नोंद पाहिली. कानातल्या बिल्ल्याचे बाराही आकडे, ताप, गाठी, उपचार, सगळे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. मालकाला भेटले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, पोळ्याला शिंगं रंगवताना मानेवर गाठी हाताला लागल्या होत्या.” रजिस्टरातली तारीख पोळ्यानंतरच्या अकराव्या दिवसाची आहे. रोग लवकर पकडणे हा हेतू धरला, तर यंत्रणा इथे सपशेल नापास होते. रोग कोणत्या भागात टिकून आहे एवढेच जाणायचे असेल, तर अकरा दिवसांनी फारसे बिघडत नाही. मग गुण कोणत्या हेतूने द्यावेत?

क्षेत्राचाही असाच पेच आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडची डांगी जातीची गुरे रानात चरतात, आणि सुरगाणा, पेठ हे तालुके तर गुजरातला लागून आहेत. निफाड, सिन्नरच्या गोठ्यांतील संकरित गायींचे दूध रोज दोन वेळा मोजले जाते, त्यामुळे गाठी दिसण्याआधीच दूध घटल्याचे मालकाला कळते. या दोन भागांना एकाच चौकटीत बसवणे मला अन्यायाचे वाटते, परंतु बाजारातून जनावरे इकडची तिकडे जातातच.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतील, रोगाचा संशय आल्यास मालकाने गावपातळीवर खबर देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पहिला फोन खाजगी डॉक्टरला जातो, जो कागदावरच्या यंत्रणेत कुठेच नाही. शिवाय २०२२ मध्ये राज्याने मृत दुभत्या गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली होती. मेलेल्या जनावराची खबर देण्यास कारण होते. बऱ्या झालेल्या जनावराची खबर कोण देणार? ही बाब संदर्भात घ्यावी की निष्कर्षात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, आपण हेतू यंत्रणेच्या कागदात शोधत आहात. त्याआधी हे मूल्यमापन वाचून निर्णय कोण घेणार आणि कोणता, ते एका वाक्यात लिहा. लस कुठे आधी पाठवावी हा निर्णय असेल, तर चौकट वेगळी होईल. दवाखान्यांना मनुष्यबळ वाढवून द्यावे का हा असेल, तर वेगळी. बुळकांडी (रिंडरपेस्ट, गुरांचा जुना साथरोग) आठवा. साथ चालू असताना एखाद्या तालुक्यातून एकही खबर न येणे हे यंत्रणा झोपल्याचे लक्षण होते. पुढे रोगमुक्ती सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा तेच शून्य पुरावा म्हणून मांडायचे होते, मात्र शोध नीट घेतला गेला हे दाखवून. २००६ मध्ये भारताला बुळकांडीमुक्त दर्जा मिळाला तो त्यानंतरच. खाजगी डॉक्टर आणि आर्थिक मदत ही दोन्ही संदर्भातच घ्या, कारण खबर कोणत्या वाटेने येते आणि कुठे अडते हे त्यांच्यावरच ठरते. तालुके वेगळे करायचे तर जनावरे पाळण्याच्या पद्धतीवरून करा, नकाशावरून नको.

धागाकर्ती

आभारी आहे. निर्णयाचे वाक्य लिहायला बसले आणि लक्षात आले, की हा अहवाल कोण वाचणार हे मी मार्गदर्शकांना अजून विचारलेलेच नाही. सोमवारी विचारते. पाळण्याच्या पद्धतीवरून विभागणी केली, तर सिन्नरमधील मेंढपाळांच्या गायी कुठे धराव्यात? वर्षातील काही महिने त्या तालुक्यात नसतातच.