मोबाईलनं फौज सोपी झाली?
एकानं लिहिलंय, ‘आता खिशात मोबाईल आहे, फौज सोपी झाली.’ अर्धंच पटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी फौजेत, काश्मिरात होतो. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आम्हाला कळलं ते रेडिओवर. गाव आमचं किल्लारीच्याच औसा तालुक्यातलं. तार केली, ‘माणसं सुखरूप, घर पडलं’ एवढं उत्तर यायला सहा दिवस लागले. लंगरातली (फौजेच्या स्वयंपाकघरातली) रोटी घशाखाली उतरत नव्हती.

आता पुतण्या फौजेत आहे. बोअर आटला, सोयाबीनला भाव नाही, बांधावरून भांडण झालं, सगळं त्याला त्याच रात्री कळतं (सांगणारी आमची वहिनीच!) आणि ते डोक्यात घेऊन पोरगं पहाऱ्यावर उभं राहतं. आमच्यापर्यंत भांडणाचं पत्र पोहोचायचं तोवर भांडण मिटलेलं असायचं.