ईमॅक्सने पुढे काय करावं: नवा साज की आधी देवनागरीचे तक्ते?

सड्यावरचा (रत्नागिरी)

फेब्रुवारी 2025 मध्ये ईमॅक्स या मजकूर नि कोड लिहायच्या एडिटरची 30वी आवृत्ती आली, तेव्हापासून आमच्या चारचौघांत एकच वाद चाललाय: पुढच्या आवृत्त्यांत जोर कशावर हवा? काहींचं म्हणणं, मेनू, थीम, सुरुवातीचा पडदा सगळं बदला, नाहीतर विशीतली पोरं ढुंकून बघणार नाहीत. मला हे साफ नामंजूर आहे.

आंब्याच्या मोसमात वाशीहून दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, येतात. त्या मी ऑर्ग मोडच्या (ईमॅक्समधली नोंदी-तक्त्यांची सोय) तक्त्यात उतरवतो: तारीख, पेट्या, दर, हमाली, गाडीभाडं, हातात पडलेली रक्कम. हिशेब सूत्राने होतो, फाइल साध्या मजकुराची, नेट लागत नाही. पण रकान्यात 'हमाली', 'हापूस' असं लिहिलं की उभ्या रेघा वाकड्यातिकड्या. तक्ता सरळ करताना ईमॅक्स रकान्यात मोकळ्या जागा भरतं, आणि देवनागरी अक्षरांची रुंदी त्या जागेच्या पटीत बसत नाही. 'व्हीअलाइन' नावाचं पॅकेज पिक्सेल मोजून रेघा जुळवतं, पण ते वेगळं घालावं लागतं. ते मुळातच का नसावं?

दुसरं, हँग होणं. 2018 मध्ये 26व्या आवृत्तीत थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, आले खरे, पण एका वेळी एकच चालतो. एखादं पॅकेज नेटवरच्या उत्तराची वाट बघत बसलं की अख्खा एडिटर त्याच्यासोबत बसतो. त्यात मेमरी साफ करताना लागणारे झटके वेगळे. त्यावर उपाय म्हणून 2024 मध्ये ईमॅक्सच्या कोडच्या 'आयजीसी' नावाच्या वेगळ्या शाखेत काम सुरू झालं. माणसं तिथे लावा. थीमचं काय ते नंतर बघू.

खाडीपल्याड (चिपळूण)

मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. पहिल्या दिवशी काय होतं सांगू? मुलगा मजकूर निवडतो, कंट्रोल-एक्स दाबतो आणि काहीच होत नाही, कारण ईमॅक्स पुढच्या कळीची वाट बघत असतं. मग तो कंट्रोल-झेड दाबतो, तर खिडकीच खाली जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी तो व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवर. सगळ्यांना ओळखीच्या कळा देणारा 'सीयूए मोड' ईमॅक्समध्ये कित्येक वर्षं आहे, फक्त तो बंद ठेवलेला असतो!

तुमच्या पट्टीच्या रेघा सरळ करायला उद्या माणूस कुठून येणार? आजचा नवखाच ना?

सुरंगी (वेंगुर्ला)

ॲटम एडिटर आठवतो का? 2014 मध्ये गिटहबने आणला. देखणा, हवा तसा बदलता येणारा, नवख्याला पहिल्या मिनिटात जमणारा. 15 डिसेंबर 2022 ला कुलूप. ग्नू ईमॅक्स 1985 पासून चालू आहे ते कुणाच्या देखणेपणावर नाही.

खाडीपल्याड (चिपळूण)

ॲटम देखणा होता म्हणून बंद पडला का? मालकाने बंद केला म्हणून पडला. चुकीच्या उदाहरणावरून चुकीचा धडा काढू नका.

निओव्हिम बघा त्यापेक्षा. तेही 2014चंच, विम या जुन्या एडिटरपासून फुटून निघालेलं. कोडमधल्या चुका नि सूचना दाखवणाऱ्या भाषा सर्व्हरशी जोडणी आणि कोडची रचना ओळखणारं ट्री-सिटर त्यांनी 2021 च्या 0.5 आवृत्तीत आत घेतलं. ईमॅक्समध्ये हेच आलं 2023 मध्ये, 29व्या आवृत्तीसोबत. दोन वर्षं! मुख्य कोडमध्ये पंधराएक ओळींपेक्षा मोठी भर घालायची तर आधी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या ईमॅक्समागच्या संस्थेला त्या कोडचे हक्क लिहून द्या, मग ईमेलने पॅच (कोडमधला बदल) पाठवा. हक्कांमागचं कायद्याचं कारण मला कळतं. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला पहिल्या पॅचला करारनामा दाखवलात तर ती दुसरीकडे जाते. योजना ठरवायची तर आधी हे दार रुंद करा.

पाजेरो (मालवण)

गजाली खूप झाल्यो. आमच्या पोरांकडे लॅपटॉप खय असा? हातात मोबाईल असा, बस.

30व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अँड्रॉइडवर अधिकृतपणे चालतं, एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून उतरवता येतं. कंट्रोल नि मेटाच्या (म्हणजे ऑल्टच्या) कळा पडद्यावर दाखवणारी पट्टीही त्याच आवृत्तीत आली. मी बागेत फवारणी झाली की तिथेच नोंद करतो, कुठलं औषध, किती लिटर पाणी. बोटाने काम करणं अजून जिकिरीचंच आहे. पुढचा सगळा जोर तिथे हवा.

सड्यावरचा (रत्नागिरी)

मोबाइलवर नोंद ठीक. अख्ख्या मोसमाची पट्टी बोटाने भरून दाखवा, मग बोलू.

माडाखाली (अलिबाग)

दोन्ही बाजू भांडतायत, आणि अर्धं काम आधीच झालंय हे कुणी बघत नाही.

मी मराठी मुद्रितं तपासते. 2020 च्या 27व्या आवृत्तीत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आलं आणि जोडाक्षरं पुष्कळ सुधारली. पण 'स्त्री' घ्या. आतून हे सहा संकेत आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. कर्सर मात्र एका उडीत पार. मधला 'त' राहून गेला असेल तर मागून एकेक खोडत यायचं आणि पुन्हा टाइप करायचं. 29व्या आवृत्तीत यावर एक पर्याय आला: 'कॉम्पोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट'. तो चालू केला की कर्सर जिथे असेल तिथे अक्षर तात्पुरतं सुटं होतं आणि आत शिरता येतं. माझं निम्मं डोकं शांत झालं. पण तो आपणहून चालू नसतो, मेनूत दिसत नाही, आणि हे नाव कुणाला आपसूक सुचणार?

म्हणून मी चिपळूणच्या बाईंच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. थीम नकोत. भाषा देवनागरी निवडली की त्या भाषेला लागणारे पर्याय समोर मांडा. नवखा आणि जुना, दोघांचं काम होईल.

सुरंगी (वेंगुर्ला)

डिफॉल्ट बदलले की वीस वर्षं जुन्या इनिट फाइली, म्हणजे लोकांनी लिहून ठेवलेल्या सेटिंग, मोडतात. ती किंमत कोण मोजणार?

माडाखाली (अलिबाग)

पर्याय समोर दाखवणं म्हणजे डिफॉल्ट बदलणं नव्हे. एक पडदा वाढतो, इतकंच.

कातळखोद (राजापूर)

एआय आत घाला, ते राहिलंच की.

पाजेरो (मालवण)

ज्याला हवा तो पॅकेज घालतो. जून लागला की आमच्याकडे टॉवरच गप्प, मग कसलं एआय!

सड्यावरचा (रत्नागिरी)

अलिबागकरांचं पटलं, दाखवायला काहीच हरकत नाही. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. व्हीअलाइन ग्नू एल्पा या ईमॅक्सच्या अधिकृत पॅकेज-भांडारात आहे, म्हणजे त्याच्या कोडचे हक्क आधीच लिहून दिलेले आहेत. कागदपत्रांची सबब इथे चालणार नाही.

खाडीपल्याड (चिपळूण)

मग ते मोठ्या तक्त्यावर किती वेळ खातं ते आधी मोजा. पूर्ण मोसमाची फाइल उघडा, वेळ मोजणारा 'प्रोफाइलर-स्टार्ट' हुकूम द्या, तक्ता जुळवा, 'प्रोफाइलर-रिपोर्ट' इथे टाका. आकडे हातात नसताना "मुळातच का नसावं" हा प्रश्न ईमॅक्सच्या ईमेल यादीवर विचारलात तर पहिलं उत्तर हेच येईल.

सड्यावरचा (रत्नागिरी)

टाकतो. थीमला माझं मत मात्र मिळणार नाही.