शब्दचर्चा : मुलींचा ‘मुंजा’ का नाही?

कट्टेकरीण, नौपाडा

आमच्या सोसायटीत दर शनिवारी मुलांचा वाचनकट्टा भरतो. या वेळी विषय भुताखेतांच्या गोष्टींचा होता, त्यामुळे सतरंजी पुरली नाही. सुरुवात रत्नाकर मतकरींपासून (१९३८–२०२०) केली. मोठ्यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणारे मतकरी आणि ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारे मतकरी एकच, हे मुलांना आधी पटेचना. तिथून गाडी भुतांच्या नावांवर आली. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो असं मानतात, एवढं मी सांगितलं. सहावीतल्या एकीने लगेच विचारलं, “मावशी, मग मुलीचं काय होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. मुंजाचं स्त्रीलिंगी रूप कुणी ऐकलंय का?

घणसोलीकर

ताई, ‘मुंज’ हे मुळात गवताचं नाव. त्या गवताची मेखला बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून मौंजीबंधन. बोलताना नुसतं मुंज. विद्या पुरी झाली की ती मेखला सोडायची, म्हणून सोडमुंज. बांधलेलं सुटायच्या आत जो गेला, तो मुंजा. ना लहान, ना मोठा. ‘समंध’ही असाच, ‘संबंध’ या शब्दातून आलेला. त्याचाही धागा तुटलेला नाही. मला हे फार हलवून जातं. आपल्या भाषेनं भुताला नाव देताना त्याचं काय राहून गेलं ते आधी पाहिलं.

लिहिताना मात्र जपा: मुंजा, पण मुंज्याला, मुंज्याचा. स्त्रीलिंगी ‘मुंजी’ करावं तर ते ‘मुंज’चं अनेकवचन होतं. (यंदा दोन मुंजी आहेत, वगैरे.)

मूळची वाईची, आता वाशीत

बाळ, मुंजा म्हटलं की भूतच कशाला? आमच्याकडे कुळधर्माला ब्राह्मण, सवाष्ण, कुमारिका आणि मुंजा जेवायला सांगत. माझे धाकटे दीर मुंजा म्हणून आळीभर जेवून यायचे, पाच-सहा घरची दक्षिणा मुठीत घट्ट धरून. मुंजा आणि कुमारिका यांचे पाट शेजारी शेजारी मांडलेले असत. म्हणजे जिवंतपणी मुलीला जोडीचा शब्द आहे. मेल्यावर नाही.

बायकांच्या भुतांची नावं आठवून बघ. हडळ आणि अळवंतीण बाळंतपणात गेलेल्या, जखीण सवाष्णपणी गेलेली. सगळ्या लग्नानंतरच्या. विवाह हेच स्त्रीचं उपनयन, असं मनुस्मृतीत सांगितलंय. मुलीला मधलं वय दिलंच नाही, मग त्या वयाच्या भुताला नाव कुठून येणार? चेटकिणीला यात धरू नकोस. ती भूत नव्हे, जिवंत बाई. चेटूक करते ती चेटकीण. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीणही हाडामासाचीच आहे.

कट्टेकरीण, नौपाडा

काकू, पाटांची गोष्ट वाचून अंगावर शहारा आला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता दुसरी अडचण. कट्ट्याच्या फलकावर मी ‘अलौकिक कथा’ लिहिलंय. चालेल?

घणसोलीकर

नको. अलौकिक म्हटलं की कौतुक ऐकू येतं: अलौकिक बुद्धिमत्ता, अलौकिक आवाज. ‘अमानुष’ तर मुळीच नको, त्याला मारहाण कायमची चिकटलीय. ‘अमानवी’ अर्थाने बरोबर, पण मुलांच्या तोंडी बसत नाही. मुलं ‘भुताच्या गोष्टी’ म्हणतात, तेच लिहा.

कट्टेकरीण, नौपाडा

बदलला फलक. आज कट्ट्यावर त्या मुलीला पाटांचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वही काढून गोष्ट लिहायला बसली, पहिलं पान मला दाखवलं. आमच्या गेटजवळच्या पिंपळावर मुंज्याच्या शेजारच्या फांदीवर एक मुलगी बसलीय. मुंज्याला लोक नावाने ओळखतात, घाबरतात. तिला कुणी ओळखत नाही. म्हणून शाळेतून उशिरा परतणारं कुणी दिसलं की ती खाली वाकते आणि विचारते, “माझं नाव काय?”