शाळा संपल्यावर एक वर्ष थांबावे का?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

शाळेतले माझे हे शेवटचे वर्ष. गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक छापील कागद वाटला गेला. त्यावर पुढील शिक्षणाचे तीन पसंतीक्रम लिहायचे होते आणि प्रत्येकासमोर ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळ मोकळी ठेवलेली होती. पसंतीक्रम मी पाच मिनिटांत भरले, पण कारणाच्या ओळी दोन दिवस कोऱ्याच राहिल्या. अखेर तिन्ही ठिकाणी ‘आवड’ असे लिहून मी कागद परत केला. तो घेणाऱ्या बाईंनी कारणे वाचलीदेखील नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. कोणत्या विषयात मला चांगले गुण पडतात हे बारा वर्षांच्या शाळेने मला अचूक सांगितले आहे. पण लेखापाल, परिचारिका किंवा रसायनशास्त्रज्ञ सकाळी कामावर आल्यापासून घरी जाईपर्यंत नेमके काय करतात, हे मी एकदाही जवळून पाहिलेले नाही. अशा अवस्थेत लगेच पदवीच्या वर्गात जाऊन बसलो, तर निर्णय केवळ तीन-चार वर्षे पुढे ढकलला जाईल आणि त्या ढकलण्याचा खर्च घरच्यांना सोसावा लागेल. म्हणून शाळेनंतर एक वर्ष मिळेल ते काम करावे, थोडे कमवावे, आणि मग काय शिकायचे ते ठरवावे, असे माझे मत झाले आहे.

ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये शिक्षणविचारक ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली रॉडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. परीक्षा आणि गुण यांच्याशिवाय तरुणांनी काही काळ शिकावे, अशी ही कल्पना होती आणि ती परंपरा तिथे आजही चालू आहे. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाची सोय मिळाली, तेव्हा हार्वर्डचे कोनंट आणि शिकागोचे हचिन्स या दोन विद्यापीठप्रमुखांना दर्जा घसरण्याची धास्ती वाटत होती. १९४७ पर्यंत तिथल्या महाविद्यालयांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, आणि त्यांचे निकाल शाळेतून थेट आलेल्यांपेक्षा कमी तर नव्हतेच, पुष्कळदा सरस होते. थांबून, जग पाहून आलेला माणूस अधिक मन लावून शिकतो, असे यावरून मला वाटते. मायकेल फॅरडे तर वयाच्या चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचूनच विज्ञानाकडे वळला.

विरोधी मते अवश्य मांडावीत. घरात ती रोज ऐकतो आहे, पण तिथे कारणे मिळत नाहीत.

चाळणी

तुमचे लेखन प्रामाणिक आहे, तरीही मी विरोधातच लिहिणार आहे. गेली अकरा वर्षे मी नोकरभरतीचे काम करते. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात आणि पहिल्या फेरीत एका अर्जाला माझ्याकडून अर्धा मिनिटही मिळत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी काय पाहते, तर पदवी, ती पूर्ण झाल्याचे वर्ष आणि मध्ये पडलेली मोकळी जागा. हे न्याय्य आहे असा माझा दावा नाही. पण असेच चालते.

अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याची जी मांडणी केली, तिचा पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. अर्जदाराची खरी कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून मालक खुणेकडे पाहतो, आणि पदवी ही अशी खूण आहे की जी मिळवणे कमी कुवतीच्या किंवा कमी चिकाटीच्या माणसाला जास्त जड जाते. वर्गात शिकलेले पुढे उपयोगी पडले नाही, तरी खुणेचे काम होऊन जाते. गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या मांडणीनुसार शिक्षणाने माणसाची कार्यक्षमताच वाढते. यातली कोणती मांडणी किती खरी, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडत आहेत, पण कोणतीही मानली तरी पदवी उशिरा घेणाऱ्याला तिचे फळ उशिरा मिळते, आणि ते चाखायला वर्षेही कमी उरतात.

त्यामुळे तुमच्या त्या एका वर्षाला नाव हवे. ‘काम केले’ एवढे पुरणार नाही. कोणाकडे केले, काय केले, आणि तुमच्याबद्दल चांगले सांगायला तिथला कोणी तयार आहे का, हे लागेल.

निवृत्त गणितशिक्षिका

वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

फॅरडेचे उदाहरण तू अर्धेच वाचलेले दिसतेस. उमेदवारीच्या सात वर्षांत त्याने जे मिळवले ते थोर आहेच. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे त्याने स्वतः बांधली आणि ती डेव्हीला पाठवली, आणि त्यातूनच १८१३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून लागला. परंतु गणिताचे पद्धतशीर शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधणारा हा माणूस आपल्या बलरेषा समीकरणांत मांडू शकला नाही. ते काम पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने केले, आणि मॅक्सवेल विद्यापीठात गणित शिकलेला होता. गणित ही अशी विद्या आहे की ती ज्या वयात हाताशी असते त्याच वयात पुढे न्यावी लागते.

दुसरे असे की, सुट्टीनंतर वर्गात परतलेल्या मुलांकडे मी तीस वर्षे पाहिले आहे. दोन महिन्यांच्या सुट्टीत बहुपदीचे अवयव पाडणे विसरणारी मुले चांगली हुशार असत. ‘येत होते, पण आता आठवत नाही’ असे म्हणताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला अजून आठवते. त्या चेहऱ्यावर विसरल्याचे दुःख कमी असते, आपण आता मागे पडलो हा धक्का मोठा असतो, आणि एका वर्षानंतर तो धक्का किती मोठा असेल याचा विचार कर. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ सालीच विस्मरणाचा वेग मोजून दाखवला होता: सुरुवातीला झपाट्याने, मग हळूहळू.

शेवटचा बाक

बाई, एकेरीच लिहावे, मला आवडेल. फॅरडेच्या बाबतीत मी उत्साहाच्या भरात सोयीचे तेवढेच घेतले, हे मान्य करतो. तरी दोन गोष्टी नोंदवतो. एबिंगहाउस याने स्वतःवर जे प्रयोग केले ते निरर्थक अक्षरगट पाठ करून केले होते. समजून घेतलेली गोष्ट त्याच वेगाने विसरली जाते, असे त्यावरून म्हणता येणार नाही. आणि मॅक्सवेलनेच पुढे लिहून ठेवले आहे की फॅरडेची विचारपद्धतीही गणितीच होती, केवळ चिन्हे रूढ नव्हती. दोन महिन्यांच्या सुट्टीत अवयव पाडणे पार पुसले जात असेल, तर दोष सुट्टीचा की आम्ही ते कसे शिकलो याचा, हा प्रश्न उरतोच.

कानस

मी शाळा संपताच यंत्रशाळेत उमेदवारीला लागलो आणि पदवी नंतर, नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांतून घेतली. तेव्हा दोन्ही बाजूंना थोडे थोडे बोलेन.

पहिले तीन आठवडे माझ्या हातात एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस, एवढेच होते. ठोकळ्याची एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. गुण्या लावून ठोकळा उजेडासमोर धरला की गुण्याखालून प्रकाशाची फट दिसते. ती फट संपेपर्यंत घासायचे, आणि फार घासले तर दुसऱ्या टोकाला फट उघडते. उस्ताद काहीच बोलत नसत, ठोकळा उजेडासमोर धरून परत देत. शाळेत मला गुण मिळत आणि कुठे चुकले हे कधी कळत नसे. इथे गुण नव्हते, पण चूक डोळ्यांना दिसत होती. हे शिक्षण वर्गात मिळत नाही, आणि धागाकर्त्याला ज्याची ओढ लागली आहे ते बहुधा हेच असावे.

पण पुढचेही ऐका. वर्षभराने कोन मोजण्यासाठी साइन बार नावाची पट्टी हाती आली. पट्टीच्या एका टोकाखाली किती उंचीचे गेज ठोकळे ठेवायचे हे उस्ताद तक्त्यात पाहून सांगत, आणि मीही तसाच पाहत असे. संध्याकाळच्या वर्गात त्रिकोणमिती पुन्हा शिकलो तेव्हा लक्षात आले की तो सगळा तक्ता मला एका ओळीत काढता येतो. गणितशिक्षिका बाईंचे म्हणणे मला त्या दिवशी पटले. मात्र वर्गातल्या इतर मुलांना ती ओळ केवळ परीक्षेपुरती हवी होती, मला ती दुसऱ्या दिवशी सकाळी हवी होती.

जर्मनीत हीच जोडणी कायद्याने बांधलेली आहे. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याखाली उमेदवार आठवड्यातले काही दिवस कामावर आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो, त्याला विद्यावेतन मिळते, आणि व्यवसायानुसार दोन ते साडेतीन वर्षांत पात्रता परीक्षा होते. अशी व्यवस्था असेल तिथे ‘आधी काम की आधी शिक्षण’ हा वाद निम्म्याने मिटतो.

चाळणी

जर्मनीचे नाव निघाले की दुसरी बाजूही यायला हवी. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांच्या शाळांचे मार्ग वेगळे होतात, आणि पुढे मार्ग बदलता येत असला तरी तो सोपा नसतो. धागाकर्त्याला अठराव्या वर्षी निवड करणे घाईचे वाटते आहे!

मधेच एक

इतकी चर्चा कशाला? बिल गेट्स यांनी महाविद्यालय सोडलेच होते.

निवृत्त गणितशिक्षिका

सोडले, पण कशासाठी आणि किती तयारीनिशी? शाळेत असताना, १९६८ पासून, त्यांना संगणक वापरायला मिळत होता. त्या काळी ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येई. १९७३ मध्ये ते हार्वर्डला गेले आणि १९७५ मध्ये हाती ठोस काम आल्यावर बाहेर पडले. असल्या उदाहरणांवर कुणीही आपल्या मुलाचे भविष्य उभारू नये.

पहिली पिढी

इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. शाळा संपल्यावर ‘एक वर्ष थांबते’ असे मीही म्हटले होते, आणि ते वर्ष सहा वर्षांचे झाले. मी आळशी नव्हते. पहिल्या पगारातला अर्धा भाग घरी दिला, तेव्हा आईचा चेहरा खुलला, आणि दुसऱ्या महिन्यापासून तो अर्धा भाग घरखर्चात गृहीत धरला गेला. शिक्षणासाठी नोकरी सोडायची म्हणजे केवळ माझे उत्पन्न थांबणार नव्हते, घरातल्या कोणाची तरी औषधे किंवा कोणाची तरी फी थांबणार होती. ‘थोडे कमवावे’ हे तुम्ही दोन शब्दांत लिहून मोकळे झालात. त्या दोन शब्दांत माझी पाच वर्षे गेली.

आता तुमच्या माजी सैनिकांविषयी. ते थांबल्यामुळे चांगले शिकले, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. त्यांना त्या कायद्याने काय दिले होते ते पाहा: वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, पुस्तके, आणि एकट्या माणसाला सुरुवातीला दरमहा ५० डॉलर निर्वाहभत्ता. ते परतले तेव्हा दार उघडे होते आणि आत जाण्याचा खर्च भरलेला होता. सुमारे २२ लाख जण उच्च शिक्षणात आले ते यामुळे. वयाने आलेली समज कामी आली असेलच, मी ती नाकारत नाही. पण समज मलाही आली होती, दार तेवढे नव्हते.

म्हणून ‘थांबावे की नाही’ यापेक्षा ‘परत यायची सोय कोणाच्या हातात आहे’ हे आधी विचारा. हार्वर्ड प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना एक वर्ष थांबण्याचा पर्याय स्वतःहून सुचवते, आणि त्यांची जागा राखलेली असते. तिथल्या मुलाचे थांबणे आणि माझे थांबणे यांना एकच शब्द वापरणे मला पटत नाही.

कानस

हे पटले. मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊ शकलो, कारण उस्तादांनी पाळी बदलून दिली. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या मुलाला ती बदलून मिळाली नाही, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता.

शेवटचा बाक

पहिली पिढी यांचे उत्तर मी काल रात्री आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की तुझ्या पगाराची आम्हाला गरज पडणार नाही असे आज सांगू शकते, दोन वर्षांनी सांगता येईलच असे नाही. घरात इतके दिवस ‘नाही’ म्हणण्यामागे हे कारण होते, आणि ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

माझे मत पूर्ण बदलले आहे असे नाही. कारणाच्या त्या दीड ओळीत खरे काही लिहिता येत नसेल, तर थेट पदवीला जाणे मला अजूनही चुकीचे वाटते, आणि चाळणी यांच्या अर्ध्या मिनिटासाठी आयुष्याची चार वर्षे आखावीत हे पटत नाही. पण क्रम बदलतो आहे. आधी अर्ज करणार, प्रवेश मिळवणार, आणि जागा राखून वर्षभर थांबता येते का ते विचारणार. पसंतीच्या तीनपैकी एका महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत याविषयी एकच वाक्य आहे, बाकी दोन ठिकाणी तेही नाही. त्या पहिल्या ठिकाणी दूरध्वनी केला, तेव्हा ‘बहुतेक होते, पुढच्या वर्षी या’ असे सांगण्यात आले. गणिताचे म्हणाल तर, बाई, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी ते सोडणार नाही, एवढा शब्द देतो.

निवृत्त गणितशिक्षिका

दोन पुरणार नाहीत. तीन कर.

पहिली पिढी

आणि त्या महाविद्यालयाकडून लेखी घ्या. ‘पुढच्या वर्षी या’ हे मलाही तोंडीच सांगितले होते.