१६ स्टार एलईडी आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर: रोपांच्या दिव्याची ही जोडणी चालेल का? (प्रश्नोत्तरांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खिडकीविना

रॅकची एक फळी आहे, ६० × ४० सेमी. वरच्या फळीपर्यंत ४५ सेमी जागा मिळते. खिडकीचा उजेड जवळजवळ नाही. त्यात पालेभाज्या आणि मिरचीची रोपं वाढवायची आहेत.

सामान असं: तारेच्या आकाराच्या छोट्या पाटीवर बसवलेले ३ वॅटचे स्टार एलईडी (१२ लाल ६६० नॅनोमीटर, ४ निळे ४५० नॅनोमीटर), ५० × ३० सेमीचा २ मिमी जाडीचा ऍल्युमिनियम पत्रा, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. प्रत्येकी ४ एलईडींच्या ४ ओळी करायच्या (तीन लाल, एक निळी) आणि प्रत्येक ओळीला एक रेझिस्टर, असा बेत आहे.

तीन शंका आहेत. अडॅप्टर चालेल का? एवढा पत्रा उष्णतेला पुरेल का? आणि हा जांभळा उजेड बरा की पांढरा?

सिरीजवाला

अडॅप्टर बाजूला ठेवा. निळ्या एलईडीला ७०० मिलिअँपिअरवर साधारण ३.३ व्होल्ट लागतात. चारांचे झाले १३.२. म्हणजे १२ व्होल्टवर ती ओळ मिणमिणेल, नाहीतर लागणारच नाही.

लाल ओळ लागेल. लालला २.२ व्होल्ट धरले तर चारांचे ८.८ आणि उरलेले ३.२ रेझिस्टरवर. तिथे २.२ वॅट नुसते जळतात, म्हणजे त्या ओळीची पाव वीज उजेड न देताच जाते. ती वाचवायला पाच लाल एका ओळीत घातले तर रेझिस्टरला जेमतेम १ व्होल्ट उरतो. मग अडॅप्टरने १२ ऐवजी १२.५ दिले तरी करंट दीडपट होतो. शिवाय एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, करंट आणखी चढतो, तो आणखी तापतो. १२ व्होल्टच्या, घरी बनवलेल्या दिव्यांत एलईडी जातात ते बहुतेक याच चक्रात.

कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (करंट ठरलेलाच ठेवणारा, व्होल्टेज गरजेप्रमाणे बदलणारा) घ्या आणि सगळे १६ एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एका ओळीत, जोडा: १२ × २.२ + ४ × ३.३ = ३९.६ व्होल्ट. ड्रायव्हर ६०० मिलिअँपिअरचा, आउटपुट ३० ते ४५ व्होल्ट. ७०० चा घेऊ नका. करंट थोडा कमी ठेवला की एलईडी प्रत्येक वॅटमागे जास्त उजेड देतो आणि थंडही राहतो. आणि '३ वॅट' या नावावर हिशोब करू नका, लाल एलईडी ६०० वर जेमतेम १.३ वॅट घेतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. ड्रायव्हर आयसोलेटेडच हवा, म्हणजे ज्याचा आउटपुट मेन्सपासून वेगळा असतो तो. नॉन-आयसोलेटेडमध्ये मेन्सचा करंट एलईडीच्या पॅडपर्यंत (वायर जोडायच्या ठिपक्यांपर्यंत) येऊ शकतो आणि इथे तर शेजारी रोज पाणी शिंपडलं जाणार. पत्र्याला अर्थिंगही द्या. दुसरं, ड्रायव्हर चालू असताना एलईडीची वायर कधीही जोडू नका. मोकळ्या ड्रायव्हरचा आउटपुट कपॅसिटर वरच्या मर्यादेच्या व्होल्टेजला भरून बसलेला असतो. वायर टेकवताच तो सगळा एका झटक्यात एलईडीत रिकामा होतो.

पानांकडे बघा

रंगाचं बोलतो. लाल आणि निळाच हवा ही समजूत क्लोरोफिल द्रावणात काढून मोजलेल्या आलेखांवरून आली. आख्खं पान तसं वागत नाही. १९७२ मध्ये मॅक्क्री या शास्त्रज्ञाने अनेक पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की हिरवा आणि पिवळा उजेडही प्रकाशसंश्लेषणाला चांगलाच उपयोगी पडतो. पांढऱ्या एलईडीत मुळात ४५० चा निळा असतोच, त्यावरच्या फॉस्फरच्या पिवळ्या लेपातून बाकीचे रंग येतात. माझ्या मते जांभळ्या उजेडाचा सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे: त्यात पान पिवळं पडलंय की नाही, खाली मावा लागलाय का, काहीच दिसत नाही. चारही निळे आणि आठ लाल काढा, त्या जागी ४००० केल्व्हिनचे १२ पांढरे लावा. चार लाल राहू द्या.

आता उजेड किती हवा ते पाहू. रोपांना दिवसाला साधारण १२ ते १४ मोल (मोल हे उजेडाच्या कणांचं माप, दर चौरस मीटरला) मिळावेत. १६ तास दिवा धरला तर दर सेकंदाला २१० ते २४० मायक्रोमोल (मोलचे दशलक्षांश) लागतात. मोजायला साधा लक्समीटर चालतो. ४००० केल्व्हिनच्या पांढऱ्या उजेडात लक्सला ७० ने भागलं की अंदाजे मायक्रोमोल येतात. नुसत्या लाल-निळ्या दिव्याला हा भागाकार लागू नाही.

कडांना मधल्यापेक्षा बराच कमी उजेड पडतो. म्हणून एलईडी सारख्या अंतरावर न लावता कडांकडे थोडे दाट लावा, आणि रॅकच्या तिन्ही बाजूंना मॅट पांढरा रंग द्या. चुरगळलेल्या फॉइलपेक्षा तो उजेड सारखा पसरवतो.

गरम पत्रा

पत्रा पुरेल, पण लावण्यावर अवलंबून आहे. दोन्ही बाजू धरून ३००० चौरस सेमी होतात. २५ ते २८ वॅटमधली १६–१७ वॅट तरी उष्णता धरू. पंख्याशिवाय चालवायला एका वॅट उष्णतेमागे १०० चौरस सेमी हा आमचा कामचलाऊ आकडा, त्या हिशोबाने जागा भरपूर आहे. पण पत्रा लाकडी फळीला चिकटवून ठोकलात तर वरची बाजू, म्हणजे अर्धी जागा, बंद झाली आणि गरम हवा अडकली. ३–४ सेमीची फट ठेवून टांगा.

स्टारच्या पॅडवर सोल्डर पत्र्यावर बसवण्याआधी चढवा. पत्र्यावर बसल्यावर सगळी उष्णता पत्रा ओढून घेतो, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर नुसतं गोळा होऊन बसतं. वरून चकचकीत दिसतं, खाली धरलेलं नसतं. आधी लाकडाच्या तुकड्यावर स्टार ठेवून पॅड भरा, मग बसवा, मग ६० वॅटच्या आयर्नने वायर जोडा.

भोक पाडल्यावर उरलेली धार घासून काढा. ती राहिली तर स्टार एका बाजूने उचलला जातो. थर्मल पेस्ट इतकीच की दाबल्यावर कडेने जरा डोकावेल. जाड थर म्हणजे उष्णतेला अडसरच. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर स्क्रूचं डोकं पॅडला टेकतं. शेवटी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देतो तो) लावून प्रत्येक पॅड आणि पत्रा यांच्यात बीप येत नाही ना ते बघा.

खिडकीविना

१२ पांढरे, ४ लाल, ३०–४५ व्होल्टचा ६०० मिलिअँपिअर ड्रायव्हर, सगळं एका सिरीजमध्ये जोडलं. चालू केलं की दिवा दर सेकंदाला लुकलुकतो. सोल्डर तपासलं, बीप कुठेही नाही.

सिरीजवाला

सोल्डर ठीकच असणार. माझा हिशोब तुमच्या मूळ १२ लाल + ४ निळ्यांचा होता. पांढऱ्याला ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे आता १२ × ३.२ + ४ × २.२ = ४७.२. ड्रायव्हर ४५ पर्यंत चढतो, त्यापुढे संरक्षणासाठी बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो. तेच लुकलुकणं. तसं चालू ठेवू नका.

दोन पांढरे काढा: ४०.८ व्होल्ट, मर्यादेच्या आत. किंवा ४० ते ६० व्होल्टचा ड्रायव्हर घ्या आणि सगळे १६ ठेवा. एलईडी थंड असताना व्होल्टेज किंचित जास्तच लागतो, म्हणून वर ३–४ व्होल्टची सोय असू द्या.

खिडकीविना

दोन पांढरे काढले, लुकलुकणं थांबलं. पानांच्या उंचीवर, ३० सेमी खाली, मध्ये ९००० लक्स आणि कोपऱ्यात ५२०० येतात. तासाभराने पत्र्यावर हात ठेवता येतो.

पानांकडे बघा

मध्ये सुमारे १३०, कोपऱ्यात ७५ मायक्रोमोल. खरा आकडा थोडा वर असेल, कारण ६६० चा लाल उजेड लक्समीटर जवळजवळ मोजतच नाही. वर सांगितलेल्या २१०–२४० पेक्षा हे कमीच आहे, तरी पालेभाज्यांना १६ तास चालेल, कोपऱ्यातली भांडी दर दोन दिवसांनी मध्ये आणा. मिरचीला मात्र कमी पडेल. दोन पानांमधलं खोड लांबत गेलं, रोप काटकुळं दिसायला लागलं तर समजा उजेड कमी आहे. दिवा २० सेमीवर आणलात तर मध्ये वाढेल पण कोपरे आणखी उपाशी राहतील. त्यापेक्षा पांढऱ्या २८३५ चिप्सच्या (२.८ × ३.५ मिमीचे छोटे एलईडी), ऍल्युमिनियम पाठीच्या दोन पट्ट्या, मिळून १५ वॅटच्या आसपास, दोन्ही लांब कडांना लावा. त्यांना त्यांचा स्वतंत्र ड्रायव्हर द्या, याच सिरीजमध्ये घुसवू नका.